नवा शर्ट किसणीवर किसायचे पैसे मिळतात: कपड्यांच्या आडवाटेच्या कामांत कसं शिरायचं

मागच्या महिन्यात मी गॅलरीत बसून एक कोराकरकरीत पांढरा शर्ट खोबऱ्याच्या किसणीवर किसत होते, कॉलरची घडी, मग कफ, मग खिशाची कड असं क्रमाने, आणि शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं नवीन आहे ना तो?" मी म्हटलं काकू, नवीन आहे म्हणूनच तर किसतेय, याचेच पैसे देतात मला. त्यांना वाटलं चेष्टा करतेय. पण आठवड्याभराने त्यांनी त्यांच्या मुलीला माझ्याकडे पाठवलं, बारावी झालीय, "फॅशनमधे काहीतरी" करायचंय, मोठ्या कॉलेजची फी झेपणार नाही आणि घरात या लाइनमधलं कोणी नाही. तिला चहा पिता पिता जे सांगितलं तेच इथे टाकतेय, जरा पसरट झालंय, सांभाळून घ्या.

माझं आधी सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी डोंबिवलीची, बीकॉम, आई घरी फॉल-बिडिंग आणि ब्लाउज शिवायची. कॉलेजात एकांकिकेसाठी ऑडिशन दिली, घेतलं नाही, पण दिग्दर्शक म्हणाला तुला शिवता येतं ना, मग तू कपडे बघ. तेव्हा फार राग आला होता. आज चौदा वर्षं त्याच रागावर पोट भरतेय.

डिझायनर हा शब्द सहा महिने बाजूला ठेवा

काकूंच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला की डिझायनर व्हायला काय करावं लागतं. मी म्हटलं ते नंतर बघू, तुला काज करता येतं का? नाही. इस्त्री? हो म्हणजे, तशी. म्हणजे नाही.

या धंद्यात स्केच काढणारे ढिगाने आहेत, पण शोच्या आधी वीस मिनिटं फाटलेली काख शिवून देणारा माणूस मिळत नाही. म्हणून सुरुवात हातापासून करायची. घरातला एक जुना शर्ट घ्या, पूर्ण उसवा, एकेक तुकडा पेपरवर ठेवून आखून घ्या, कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला होता तेही बाणाने लिहा, आणि मग तोच शर्ट परत जोडा. पहिल्यांदा बाही उलटी लागते, सगळ्यांची लागते. तीन शर्ट आणि दोन ब्लाउज असे उसवून जोडले की कटिंगच्या क्लासमधे मास्तर काय बोलतोय ते कळायला लागतं.

दुसरं, कापड ओळखा. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. कॉटन कागदासारखं जळतं आणि हलकी राखाडी राख राहते, खरं रेशीम जळालेल्या केसासारखं वास मारतं आणि त्याची गोळी बोटात चुरगळते, पॉलिस्टर वितळतं आणि काळा कडक मणी होतो. दुकानदार "प्युअर आहे ताई" म्हणाला तरी घरी येऊन हे करायचंच, कारण पुढे रंग चढणार की नाही, इस्त्री कितपत सोसणार, सगळं यावर आहे.

शिक्षण घ्यायचं तर मुंबईत सगळ्या बजेटची सोय आहे. आयटीआयमधे ड्रेस मेकिंग आणि सिविंग टेक्नॉलॉजीचे एक-एक वर्षाचे ट्रेड आहेत, फी किरकोळ, आणि मशीनवर बसवतात. जे. जे. ला टेक्स्टाइल डिझाइन आहे, एसएनडीटीचं जुहूला आहे, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे, खारघरला निफ्ट आहे. मिळालं तर जरूर जा, निफ्टला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पण नाही मिळालं म्हणून दोन वर्षं रडत घरी बसू नका.

आणि कोणी म्हणालं की हे काही करिअर नव्हे, तर भानू अथय्यांचं नाव सांगायचं. कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जे. जे. मधे चित्रकला शिकल्या, मग बायकांच्या मॅगझिनांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या, तिथून सिनेमाचे कपडे. १९८३ साली 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर, भारताचं पहिलं ऑस्कर. आणि त्या सिनेमात कपडे कुठले, तर खादी, धोतरं, पंचे, गणवेश. चमचम नाहीच. मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटतं, साधं धोतर त्या माणसाचं स्वतःचं वाटायला हवं, ही जरीच्या घागऱ्यापेक्षा अवघड गोष्ट आहे.

कपडेपटातून आत या

सगळ्यात उघडं दार नाटकाचं आहे. सिनेमात ओळख लागते, नाटकाला माणूस लागतो. एकांकिका स्पर्धांचा सीझन आला की प्रत्येक कॉलेजच्या टीमला बॅकस्टेजला हात हवे असतात, राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संस्थांना हवे असतात, आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री होणाऱ्या सवाई एकांकिका स्पर्धेला नुसतं प्रेक्षक म्हणून गेलात तरी एका रात्रीत सात-आठ टीमचे कपडे बघायला मिळतात. पैसे मिळणार नाहीत, मिळाले तर वडापावचे. मला पहिल्या एकांकिकेचे शून्य मिळाले आणि वर माझा स्वतःचा दुपट्टा गेला.

व्यावसायिक नाटकात कपड्यांचं खातं म्हणजे कपडेपट. जुना शब्द आहे, संगीत नाटकाच्या काळापासूनचा, जेव्हा बालगंधर्वांचे शालू बघायला बायका यायच्या आणि घरी जाऊन तशी साडी नेसायच्या. आता कपडेपट म्हणजे बहुतेक वेळा दोन पत्र्याच्या पेट्या, एक इस्त्री आणि एक दादा. त्या दादांच्या हाताखाली पंधरा प्रयोग काढा. शिवाजी मंदिर, यशवंत, दीनानाथ, गडकरी, जिथे प्रयोग असेल तिथे तासभर आधी पोचायचं, पेटी उघडायची, यादीप्रमाणे टिक करायचं, इस्त्री, टाके, मग प्रत्येकाच्या खुर्चीवर त्याच्या एन्ट्रीच्या क्रमाने कपडे लावायचे, सगळ्यात आधी जे घालायचं ते सगळ्यात वर. प्रयोग संपल्यावर ओले कपडे पेटीत कोंबायचे नाहीत. घामाचा वास मारायला स्वस्त व्होडकात पाणी घालून स्प्रे मारतात, ही जगभरच्या नाटकवाल्यांची ट्रिक आहे, माझ्या बॅगेत ती बाटली सापडली तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला होता.

इथे जी गोष्ट शिकाल ती क्विक चेंज. म्हणजे नटी एका विंगेतून जाते आणि चाळीस सेकंदांत दुसऱ्या कपड्यांत दुसऱ्या विंगेतून येते. बाहेरून ब्लाउजला बटणं दिसतात, ती नुसती वर शिवलेली असतात, उघडझाप आतून टिचबटणांवर. वेल्क्रो सोपा वाटतो पण शांत प्रसंगात विंगेत वेल्क्रो ओढला की चर्रर्र आवाज पाचव्या रांगेपर्यंत जातो, माझ्या हातून तो गेलाय, एका मरणाच्या सीनमधे, लोक हसले. त्यामुळे वेल्क्रो फक्त गाण्याच्या, गडबडीच्या जागी. एकाखाली एक कपडे घालून ठेवायचे, बुटांना लेसऐवजी इलॅस्टिक लावून वर खोटी लेस बांधलेली ठेवायची, आणि काढलेला कपडा जमिनीवर कुठे पडणार तेही आधी ठरवायचं नाहीतर त्यावरच कोणीतरी घसरतं.

शिवाय लाइट. पांढरंशुभ्र कापड स्पॉटमधे डोळ्यांवर येतं, म्हणून चहाच्या हलक्या पाण्यातून काढून मळकट पांढरं करतात. निळ्या प्रकाशात लाल साडी काळपट दिसते, म्हणून नायिकेची लाल साडी आणि रात्रीचा निळा सीन एकत्र आले तर प्रकाशयोजनावाल्याशी आधी बोलायचं, प्रयोगाच्या दिवशी भांडण्यात अर्थ नाही, तो बरोबरच असतो.

कपडे जुने करायचा धंदा

हे माझं आवडतं, त्यामुळे इथे जरा जास्त वेळ घेणार.

पात्र गरीब आहे, रिक्षावाला आहे, पंधरा वर्षं एकाच ऑफिसात घासलेला क्लार्क आहे, आणि दुकानातून आणलेला शर्ट त्याच्या अंगावर घातला की सगळं खोटं दिसतं. तो शर्ट जुना करून द्यायचा हे वेगळं काम आहे, परदेशात त्यासाठी स्वतंत्र माणसं ठेवतात, आपल्याकडे बरेचदा ड्रेसदादा (सेटवर कपडे सांभाळणारे) वेळ मिळेल तसं करतात आणि म्हणूनच ते नीट करणाऱ्याला काम मिळतं. मग तुम्ही म्हणाल खराच जुना का नाही घ्यायचा? घेतातच, बोहारणींकडून, शुक्रवारी पहाटे चोरबाजारात, पण मारामारीच्या सीनला एकाच शर्टाचे चार-पाच पीस लागतात, एक हिरोला, एक डुप्लिकेटला (तो एक साइज मोठा, आत पॅडिंग आणि हार्नेस येतो), एक रक्त लागलेला, एक भिजलेला. जुने शर्ट असे जुळे-तिळे मिळत नाहीत.

पहिली पायरी खळ काढणं. नव्या कापडाला कांजी असते, ती दोन-तीनदा गरम पाण्यात साबणाने धुवून काढल्याशिवाय चहाही धड चढत नाही, डाग डाग पडतात. मग विचार, हा विचारच खरं काम आहे: हा माणूस दिवसभर करतो काय? लोकलने जाणारा असेल आणि खांद्याला बॅग लटकवत असेल तर त्याचा एकच खांदा झिजेल, दोन्ही नाही. टेबलावर लिहिणाऱ्याचे कोपर आणि उजवा कफ. रिक्षावाल्याची पाठ आणि बसायची जागा. कोळीण असेल तर खाऱ्या पाण्याने खालच्या काठाला पांढरट रेघ येते. मी तर ट्रेनमधे उभी राहून लोकांच्या कॉलरी बघत असते, एकदा एका बाईने विचारलं काय बघताय, काय सांगणार.

विचार झाला की हात. काचपेपर, किसणी आणि तारेचा ब्रश, कड आणि शिवणीवर हलकेच, कापडाच्या मधोमध उगाच घासत बसायचं नाही, मधोमध कुठलाच कपडा झिजत नाही. पँट ओली करून गुडघ्याखाली आणि खिशात दगड भरून हँगरवर वाळवली की तिला त्या माणसाचा आकार येतो. चहापावडर उकळून गाळून त्यात कॉटन बुडवायचं, पॉलिस्टरवर चहा धरत नाही, त्यासाठी पातळ केलेला फॅब्रिक कलर स्प्रे करायचा. धुळीला मुलतानी माती, तांबड्या मातीला गेरू, काजळीला कोळशाची पूड. खरी चिखलमाती वापरू नका, तिसऱ्या दिवशी वास मारते आणि नटाच्या मानेवर पुरळ उठतं. घाम हवा असेल तर ग्लिसरीन आणि पाणी, काखेत आणि पाठीच्या कण्यावर.

ब्लीचबद्दल दोन शब्द, आणि हे सिरियसली घ्या. कपडे धुवायचं ब्लीच रेशमावर आणि लोकरीवर चालत नाही, ती विरघळायलाच लागतात. कॉटनवरही पातळ करून, घड्याळ लावून, आणि मग भरपूर पाण्याने धुवायचं. आणि ब्लीचमधे व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीही, कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू होतो. काम गॅलरीत किंवा गच्चीवर, मास्क लावून. सोसायटीवाले बोलतात, बोलू द्या.

प्रत्येक पायरीला थांबून कपडा भिंतीला लटकवून लांबून बघायचा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचा. डोळ्याला छान जुना वाटणारा शर्ट कॅमेऱ्यात नुसता घाणेरडा दिसतो, असं पुष्कळदा होतं. आणि एक तुकडा कायम आधी ट्रायलला, थेट शर्टावर जायचं नाही, परत येता येत नाही ना.

शूटिंगचं गणित

नाटकातून सिरियल, वेब, जाहिराती इकडे जाता येतं. इथे शिवणापेक्षा वहीला किंमत आहे. स्क्रिप्ट आलं की एक तक्ता करायचा: सीन नंबर, गोष्टीतला दिवस कुठला, पात्र, कपडा, वर काय (चष्मा, घड्याळ, मंगळसूत्र). शूटिंग उलटसुलट होतं, घरात शिरायचा सीन आज ठाण्याला आणि दारातून बाहेर पडायचा सीन तीन आठवड्यांनी गोरेगावला फिल्मसिटीत, आणि तेव्हा बाही किती घड्या वर होती हे कोणाला आठवणार? म्हणून प्रत्येक चेंजचे फोटो, समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि वहीत लिहायचं: वरचं एक बटण उघडं, उजवी बाही तीन घड्या, ओढणी डावीकडे. प्रेक्षक कपड्याचं कौतुक करत नाहीत पण मंगळसूत्र गायब झालं की लगेच पकडतात.

बारीक रेघांचे, बारीक चौकड्यांचे शर्ट कॅमेऱ्यात मुंग्या चालल्यासारखे वळवळतात, टाळा. हिरव्या पडद्यासमोर हिरवं नको, पैठणीचा काठ हिरवा असेल तर तो काठ हवेत गायब होतो. कॉलर माइक लावायचा असेल तर टाफेटा, कडक सिंथेटिक, खळखळणाऱ्या बांगड्या यावर साउंडवाला डोकं धरतो. त्याला आधी विचारा, तो तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवेल, कारण कोणी विचारत नाही.

दिवस बारा तासांचा धरून चाला, आणि मढला किंवा नायगावला शूट असेल तर येणंजाणं वेगळं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मुलींनी रात्रीच्या पॅकअपनंतर गाडी सोडणार का हे पहिल्या फोनवरच विचारायचं, लाजायचं नाही.

गणपती, फेटे आणि शिवलेली नऊवारी

फॅशनच्या कोर्सात कोणी सांगत नाही पण मुंबईत कपड्यांचा मोठा सीझन गणपतीच्या आधी असतो. लालबाग-परळच्या कारखान्यांत आता मूर्तीला रंगवलेलं धोतर नको असतं, खऱ्या कापडाचं पितांबर, शेला, फेटा हवा असतो, वर खड्यांचं काम. हे करणारी पोरं-पोरी आषाढापासून बिझी. मूर्तीला ट्रायल घेता येत नाही आणि ती पाय हलवून मदतही करत नाही, म्हणून आधी पेपरचं माप, मग चुण्या वेगळ्या इस्त्री करून कच्च्या टाक्याने धरून ठेवायच्या, मग बेताने चिकटवायच्या. शाडूच्या मूर्तीला ओला गोंद जास्त लावला तर माती पाणी धरते, तिथे कोरडं नेसवायचं आणि पिनेऐवजी धाग्याने मागे बांधायचं. विसर्जनाच्या आधी कापड सुटून हातात यावं असं बांधा, समुद्रात सॅटिन कशाला. शिकायचं असेल तर कारखान्यात जून-जुलैमधेच जाऊन उभं राहायचं, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तुमच्याशी कोणी बोलणार नाही.

फेटे बांधणं तसंच, गिरगावची पाडव्याची शोभायात्रा, लग्नं, ढोलपथकं. हात बसला की एका फेट्याला काही मिनिटं, पण हात बसायला शंभर डोकी लागतात, घरच्यांना पकडा.

आणि नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यातून काष्टा काढायचा हे आता बऱ्याच जणींना येत नाही, म्हणून शिवलेल्या नऊवारीला मागणी आहे. यात पैसा आहे पण यातली मेख सीटच्या मापात आणि काष्ट्याच्या खोलीत. खुर्चीवर बसून, मांडी घालून आणि जिना चढून बघायला लावल्याशिवाय डिलिव्हरी देऊ नका. उभं राहून छान दिसणारी नऊवारी मांडवात मांडी घालताच उसवते आणि फोन तुम्हाला येतो.

आजीचा ब्लाउज

हे मी ठरवून केलं नाही. माझ्या आजीच्या खांद्याचं हाड मोडलं, हात वर जाईना, आणि सत्तर वर्षं नऊवारी नेसलेली बाई गाउनमधे बसून रडायला लागली. मग मी नाटकातलीच युक्ती केली, ब्लाउज दोन्ही खांद्यांवर आणि बाजूला उघडा ठेवून टिचबटणं लावली, वरून शिवण असल्यासारखी पट्टी, आणि नऊवारी शिवून दोन भागात, खालचा भाग बसल्या बसल्या मागून गुंडाळता येईल असा. चाळीस सेकंदांच्या क्विक चेंजचं गणित आणि आजीला न दुखवता कपडे बदलायचं गणित एकच निघालं. मैत्रिणीने बघितलं, तिच्या सासऱ्यांसाठी शर्ट मागितला, मग अजून कोणीतरी.

या कामात लक्षात ठेवायच्या गोष्टी वेगळ्या. व्हीलचेअरवर बसणाऱ्याची पँट मागून उंच आणि पुढून कमी हवी, मागचे खिसे आणि जाड शिवण नको, सतत दाब पडून जखम होते. आतून शिवणी चपट्या, लेबल काढून टाकायचं. हात थरथरत असतील तर बटणांच्या जागी चुंबकाचे हूक छान वाटतात पण छातीत पेसमेकर असेल तर चुंबक अजिबात नको, आधी विचारा. स्तनाच्या ऑपरेशननंतर ब्लाउजला आतून मऊ कॉटनचा खिसा लागतो, त्यात कृत्रिम भाग बसतो, आणि काखेपाशी जागा सैल हवी कारण हाताला सूज येऊ शकते. माप घेताना बाईच हवी, दार बंद, आणि बोलणं कमी. या कपड्यांना कोणी डिझायनर म्हणत नाही, पण एका काकांनी सहा महिन्यांनी स्वतःचं स्वतः शर्टाचं बटण लावलं तेव्हा फोन करून सांगितलं मला.

अजून दोन वाटा, थोडक्यात

म्युझियम. फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जे १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, कापडांची गॅलरी आहे, एक दिवस तिथे नुसतं काचेला नाक लावून घालवा. जुनं कापड सांभाळणं हे शास्त्र आहे, त्याला केमिस्ट्री लागते आणि बगळ्याचा संयम. घरच्या घरी सुरुवात आजीच्या शालूपासून करा: प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळा, त्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवू नका नाहीतर जरीची तार तिथेच तुटते, जमलं तर कापड गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळा, आणि पावसाळा संपला की सावलीत हवा द्या.

दुसरी वाट कॉम्प्युटरची. गेम आणि अॅनिमेशनमधल्या पात्रांनाही कपडे लागतात, ते मार्व्हलस डिझायनर किंवा क्लो थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमधे शिवतात, आणि गंमत म्हणजे तिथेही तुकडे कापून शिवणीच जोडायच्या असतात. ज्याने शर्ट उसवून जोडलाय त्याला ते पटकन येतं, ज्याला फक्त कॉम्प्युटर येतो त्याची बाही तिथेही उलटी लागते.

पैशाचं

एका निर्मात्याने माझे तीन महिन्यांचे पैसे बुडवले, नाव घेत नाही, आता तो फोनही घेत नाही. त्यातून शिकलेलं फुकट घ्या. काम तोंडी ठरलं तरी रात्री व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं: किती दिवस, रोजचे किती, कापडाचा खर्च कोणाचा, पेमेंट कधी, आणि समोरून "ओके" आल्याशिवाय कापड आणायला मंगळदास मार्केटला जायचं नाही. कापडाचा पैसा आगाऊ, स्वतःच्या खिशातून कधीच नाही. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी. टीव्हीत नव्वद दिवसांनी पैसे येणं नेहमीचं धरतात, म्हणून पहिले तीन महिने कसे काढणार ते आधी बघा, मी तेव्हा सकाळी शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस शिवायचे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकटात होते, ती करून ठेवली की छोट्या धंदेवाल्याचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा तुमच्या बाजूने येतो. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर रिटर्न भरा, बरेचदा परत मिळतो, कित्येक जण आळशीपणाने सोडून देतात.

पोर्टफोलिओत मॉडेलचे फोटो नका भरू. आधीचा कोरा शर्ट आणि नंतरचा किसलेला शर्ट शेजारी शेजारी. क्विक चेंजचा आतला भाग. वहीचं एक पान. काम देणारा तेच बघतो.

खरेदीला मंगळदास आणि मूळजी जेठा मार्केट, लेस-जरीला भुलेश्वर, कटपीसला किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट. मंगळदास रविवारी बंद असतं, मी पहिल्यांदा रविवारीच गेले होते. आणि बॅगेत कायम: चार रंगांचे दोरे ओवलेल्या सुया (अंधारात विंगेत कोण ओवणार), टिचबटणं, छोटी कात्री, उसवायचं हत्यार, टेप, खडू, दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी, ब्लाउजचे हूक, काळा आणि पांढरा इलॅस्टिक, बेबी पावडर, ओले टिश्यू, एक जास्तीचा रुमाल, आणि सेफ्टी पिनांचा अख्खा बॉक्स, कारण एक-एक करून सगळे मागून नेतात आणि आजवर एकही परत आलेली नाही.